थोरलीकडे

झेनोविया गेल्याचा फोन आला तेव्हा प्रोफिरा अंगणात अक्रोड फोडत बसली होती. फोन नदीपलीकडच्या, रोमानियातल्या प्लोपी गावातून होता, भाची आउरिकाचा.

"मावशी, आई गेली. आज पहाटे. झोपेतच."

प्रोफिराने हातातला अक्रोड फोडला, गर भांड्यात टाकला, टरफल बाजूला सारलं, आणि मग तिला कळलं की आपण काय ऐकलं.

"शेवटी काही बोलली का गं?"

"काल संध्याकाळी बातम्या लावायला सांगितल्या. तुमच्या मतदानाच्या. म्हणाली, रविवारी काय ते कळेल. मग दूध प्यायली आणि झोपली."

झेनोविया शेवटपर्यंत झेनोवियाच राहिली, एवढंच प्रोफिराच्या मनात आलं. गेली कित्येक वर्षं दर रविवारी दोघी बहिणींचा फोन व्हायचा. तब्येती, कोंबड्या, द्राक्षांवरचा रोग असं सगळं बोलून झालं की थोरली घसा खाकरायची आणि विचारायची, "मग? तुमचं कुठवर आलं?" एखाद्या घरी मुलीचं लग्न जमत नसावं आणि नातेवाइकांनी दर भेटीत हळूच चौकशी करावी, तसा तिचा सूर असायचा. रोमानिया युरोपात, म्हणजे युरोपीय संघात, गेला त्या वर्षी ती म्हणाली होती, "आमचं झालं. आता तुमचंही होईल लवकर." मग इकडे मोल्दोवात करार झाले, सरकारं पडली, पुन्हा करार झाले. युरोपात जायला लागणारा व्हिसा उठला तेव्हा थोरली म्हणाली, "चला, साखरपुडा झाला." दोन वर्षांपूर्वी मोल्दोवाला उमेदवार म्हणून मान्यता मिळाली तेव्हा तिने फोनवर चक्क रडून घेतलं होतं. आणि येत्या रविवारी देशभर मतदान होतं, युरोपात जायचं हे राज्यघटनेत लिहायचं की नाही यावर.

"मावशी, ऐकतेयस ना? आता एक विचारायचं आहे. आई नेहमी म्हणायची, मला माझ्या आईजवळ पुरा. तुमच्या साल्चियात. आणि हेही म्हणायची की पुलावर पहारेकरी उभा असेपर्यंत मला त्या पुलावरून नेऊ नका, जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही. आता दोन्ही कसं करायचं, तूच सांग. मला तर काही सुचत नाही."

"विचार करते," प्रोफिरा म्हणाली. "उद्या सांगते. पुरायचं कधी?"

"रविवारी. तिसऱ्या दिवशी."

फोन ठेवून ती पुन्हा अक्रोडांजवळ येऊन बसली. फोडलेल्यांतली टरफलं वेचत राहिली.

*

साल्चिया गावाच्या खालून प्रूत नदी वाहते. पात्र फारसं रुंद नाही; पलीकडच्या माणसाने अंगात कुठल्या रंगाचा सदरा घातला आहे हे सहज दिसतं. प्लोपी तिथेच समोर आहे. एकेकाळी ही दोन्ही मिळून जवळजवळ एकच वस्ती होती. होडीने माणसं सकाळी दळण न्यायची आणि दुपारी पीठ घेऊन परत यायची.

चव्वेचाळीस साली वसंतात दोम्निका नावाची एक बाई बाळंत झाली. थोरली सहा वर्षांची होती, पायापायात येत होती, म्हणून तिला चार दिवस आजीकडे, पलीकडे प्लोपीला पाठवलं. त्या चार दिवसांत युद्धाची आघाडी नदीवर येऊन ठेपली. होड्या जाळल्या गेल्या, काठावर तार आली, तारेमागे सोव्हिएत शिपाई आले, आणि नदीच सरहद्द झाली. थोरली पलीकडे राहिली ती कायमची. पाळण्यातली इकडे राहिली. पाळण्यातली म्हणजे प्रोफिरा.

दोम्निकाने पुढे तीन वेळा पलीकडे जायचा परवाना मागितला. तिन्ही वेळा नाही म्हणाले. कारण विचारलं तर उत्तर मिळायचं की कारण नसतं. मग काठावरच्या सगळ्या बायका करत तेच तिनेही केलं. ती गाऊ लागली. नदीकाठी हाका मारायला बंदी होती, पण शेतात खुरपताना गाण्याला बंदी नव्हती, आणि पहाऱ्यावरची पोरं लांबच्या मुलखातली, त्यांना भाषा कळायची नाही. मृताच्या उशाशी बसून बायका जो शोक गातात, बोचेत म्हणतात त्याला, त्याच चालीत दोम्निका नदीपलीकडे सांगायची की गाय व्याली, बाप वारला, धाकटीला गोवर आला, तुझ्यासाठी लोकरी पायमोजे विणलेत पण कसे पाठवू. शिपायांना वाटायचं, या देशात रोज कुणीतरी मरतं की काय. आणि बराच वेळ गेल्यावर पलीकडच्या मक्यातून एक बारीक आवाज यायचा. तो झेनोवियाचा. त्याच आवाजातून दोम्निकाला कळलं की मुलगी मोठी झाली, तिचं लग्न ठरलं, तिला आउरिका झाली. लग्नातली वाद्यं तर वाऱ्यावर स्वच्छ ऐकू आली होती. आईने त्या दिवशी डोईला नवा रुमाल बांधला आणि दिवसभर लव्हाळ्यात उभी राहिली.

प्रोफिराला तो दिवस आठवतो. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. तिने आईला भाकरी नेऊन दिली तर आई म्हणाली, "ठेव तिथं." तिच्याकडे बघितलंही नाही. प्रोफिराला तेव्हा राग आला होता. नंतर कधीतरी रागाची जागा दुसऱ्याच कशाने घेतली. मी जन्मले नसते तर तिला पलीकडे पाठवलं नसतं, असं ते होतं. हे ती कुणाशी बोलली नव्हती. बोलली असती तर लोक हसले असते, आणि हसण्यासारखंच होतं ते. पण आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली की तिला वाटायचं, मी दुसऱ्याच्या जागेवर पडले आहे.

दोम्निका पंच्याऐंशी साली वारली. थोरलीला तिने सहा वर्षांची सोडली, त्यानंतर पुन्हा पाहिलं नाही.

नव्वद साली एका दिवसापुरती सरहद्द उघडली. लोक फुलं घेऊन पुलावर गेले, त्या गर्दीत दोघी बहिणींनी एकमेकींना आवाजावरून ओळखलं. पण तो पूल गावापासून दूर होता आणि संध्याकाळी परत फिरायचं होतं, त्यामुळे आईच्या थडग्यापर्यंत काही थोरलीला जाता आलं नाही. दोन वर्षांनी ती रीतसर निघाली. मेणबत्त्या घेतल्या, आईसाठी कोलिवा केला, म्हणजे शिजवलेल्या गव्हाचा गोड नैवेद्य, वर साखरेचा क्रूस. नाक्यावरच्या शिपायाने पासपोर्टातला कुठला तरी शिक्का चुकीचा ठरवला. ते एक वेळ असो. पण परत पाठवण्याआधी त्याने हातातली सळई त्या कोलिव्यात खुपसली आणि ढवळून पाहिलं, आत काही लपवलंय का.

झेनोविया ताट घेऊन तशीच घरी गेली. त्यानंतर तिला कुणी साल्चियाचं नाव काढून विचारलं तरी ती एकच वाक्य बोलायची. पुलावर माणूस उभा आहे तोवर मी यायची नाही. प्रोफिरा जायची तिकडे, अगदी अलीकडेपर्यंत, गुडघे साथ देत होते तोवर. थोरली काही आली नाही. ती युरोपाची वाट बघत बसली.

*

शनिवारी सकाळी प्रोफिराने आउरिकाला फोन केला.

"दुसरं एक करता येईल, मावशी," आउरिका म्हणाली. तिलाही झोप लागली नसावी. "आत्ता आईला इथं पुरू. सात वर्षांनी हाडं काढून धुतातच ना. तेव्हा तुमच्याकडे आणू. तोवर तुम्हीही युरोपात असाल, तीस साल म्हणतायत ना सगळे?"

"आणि मग पुलावरचा माणूस जाईल? खरं सांग गं. तू शिकलेली आहेस."

"लगेच नाही जाणार," आउरिका हळूच म्हणाली. "आम्हाला सतरा वर्षं झाली, मावशी. अजून हंगेरीच्या रस्त्याला आमच्या गाड्या थांबवतात. पहारा उठवणं वेगळं असतं, त्याचं वेगळं ठरतं. आईला मी हे कधी सांगितलं नाही."

"मीही नाही," प्रोफिरा म्हणाली.

तिला ते ठाऊक होतं. टीव्हीवर ऐकलं होतं, शेजाऱ्यांकडून ऐकलं होतं. दर रविवारी थोरलीने विचारलं की ती म्हणायची, "येतंय, येतंय, जवळ आलं." आजारी माणसाला जसं बरं होशील म्हणतात तसं. आता फोन कानाशी धरून उभं असताना तिला पहिल्यांदाच नीट दिसलं की मी ऐंशीची आहे, आउरिकाला साखर आहे, आणि ज्याची वाट बघायची ते येईल तेव्हा या घरातलं कुणी नसेल. थोरली आईकडे येऊ शकत नाही. तिने शब्द दिलाय आणि ती मेली आहे, म्हणजे तो शब्द आता कुणी परतही घेऊ शकत नाही.

पण आईने कसलाही शब्द दिला नव्हता.

"तुझ्या आईला तिथंच पुरा," ती म्हणाली. "मी उद्या येते. माझी वाट बघा, मी आल्याशिवाय झाकण ठोकू नका."

*

पान्तेलेई शेजारी राहायचा. पन्नाशीचा, रुंद, तोंडाळ माणूस. गावाच्या थडग्यांचं खणणं-बुजवणं तोच करायचा आणि कुणाला शहरात किंवा नदीपार जायचं असेल तर गाडीही त्याचीच. तो कुदळ-फावडं घेऊन कबरस्तानात आला तेव्हा फादर विकेन्ती प्रार्थनेचं पुस्तक उघडून उभे होते.

"प्रोफिरा, आज एकाएकी कसं काय सुचलं?" त्यांनी विचारलं. "चाळीस वर्षं होत आली. दोम्निकाची हाडं सातव्या वर्षीच काढायला हवी होती."

"तेव्हा मन झालं नाही, फादर. आज झालं. धुऊन घेते, वर प्रार्थना म्हणा."

"आणि पुन्हा इथंच ठेवायची ना?"

प्रोफिराने डोईचा रुमाल नीट केला. "तुम्ही प्रार्थना म्हणा, फादर."

फादर विकेन्तींनी तिच्याकडे पाहिलं, मग नदीकडे पाहिलं. झेनोविया गेल्याचं त्यांना कळलेलं होतं. त्यांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागले.

माती मऊ होती. पान्तेलेई खाली उतरून हातानेच माती बाजूला करू लागला आणि एक एक हाड वर देऊ लागला. प्रोफिरा लाकडी परातीत ती घेत होती. आधी पाण्याने, मग घरच्या लाल वाइनने. लांब हाडं हलकी झाली होती, वाळलेल्या दुधीसारखी. जबड्यात एक धातूचा दात अजून चमकत होता. तो बसवून घेतला त्या दिवशी आई तोंडावर हात धरून हसली होती. डोकं धुताना प्रोफिराने ते दोन्ही तळव्यांत घेतलं. किती लहान होतं! तिने लाडक्या पोराला न्हाऊ घालावं तसं कपाळावरून वाइन सोडली, पुसलं, आणि स्वतः विणलेल्या पांढऱ्या पिशवीत सगळं अलगद ठेवलं. पिशवीवर लाल डाग पसरले.

फादर गेले तेव्हा पान्तेलेई खड्ड्याच्या काठावर बसला होता.

"काकू, हे सरहद्दीपार न्यायचंय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"मला सांगावं लागत नाही. पण कागद लागतात त्याला. शंभर शिक्के. आपल्या बाजूचे आणि त्यांच्या बाजूचे. सापडलो तर मी ड्रायव्हर म्हणून आत जाईन, तू म्हातारी म्हणून सुटशील."

"घाबरलास?"

"घाबरलो तर! माझी बायको मला काय म्हणेल? बाई पळवून नेली असती तर समजून घेतलं असतं तिने." मग तो हसणं थांबवून म्हणाला, "आणि काकू, ही तुझी जागा होती ना? आईच्या शेजारी. मीच आखून दिली होती तुला."

"जागा आहे तिथेच आहे."

"पण एकटी पडशील."

प्रोफिरा पिशवीची दोरी आवळत होती. "पान्तेलेई, चाळीस वर्षं आई माझ्या घरात होती. माझ्या हातचं खाल्लं, माझ्या हातावर गेली. मेल्यावरही माझ्याच गावात. थोरलीच्या वाट्याला तिचा नुसता आवाज आला. आता तिने तिकडे जावं. मी एकटी राहिले तर काही बिघडत नाही. बुजव तू खड्डा."

तो उठला आणि माती ओढू लागला. खड्डा भरल्यावर म्हणाला, "सकाळी लवकर निघू. रांग असते."

*

मर्तिकाला रिकाम्या हाताने जात नाहीत. प्रोफिराने पहाटे उठून प्लाचिंता भाजल्या, मेंढीचं चीज आणि शेपू भरलेल्या जाड पोळ्या. थोरलीला त्या आवडायच्या. शिवाय जेवायला माणसं किती असतील कोण जाणे. मोठ्या प्रवासी बॅगेत तळाशी आई, तिच्यावर घडी केलेला टॉवेल, त्यावर दोन गोल पाव, आणि सगळ्यात वर कापडात बांधलेल्या गरम पोळ्या.

गाडीत पान्तेलेईने रेडिओ लावला. मतदान सुरू झालं होतं. कुठल्या तरी गावात शंभरीच्या बाईने मत दिलं म्हणून कौतुक चाललं होतं.

"तुझं मत बुडालं काकू," तो म्हणाला. "तू 'हो'ची ना?"

"हो."

"मी 'नाही'चा. म्हणजे माझंही बुडालं. फिटलं."

"तुला काय युरोपाचं वावडं?"

"वावडं कसलं? माझी दोन्ही पोरं तिकडेच आहेत, इटलीत. पण युरोपवाले आले की माझं डुक्कर मला माझ्या अंगणात मारू देणार नाहीत. आधी त्याला इंजेक्शन, मग त्याची परवानगी. डुक्कर 'नाही' म्हणालं तर?"

"तुझं डुक्कर तुझ्यापेक्षा शहाणं आहे. 'हो'च म्हणेल."

तो हसला, तीही हसली, आणि मग दोघांनाही एकदम मागच्या सीटवरच्या बॅगेची आठवण झाली. त्याने रेडिओ बंद केला.

"आपल्यात म्हणतात," तो म्हणाला, "मेल्यावर जिवाला आकाशात नाके ओलांडावे लागतात. एकामागून एक. प्रत्येक नाक्यावर सैतान हिशेब विचारतो. दोम्निकाआजीचे ते सगळे कधीच झाले असतील ना?"

"कधीच झाले."

"मग हा एक काय विशेष?" असं म्हणून त्याने क्रूसाची खूण केली, आणि स्टिअरिंगवरचा घामेजलेला हात पँटला पुसला.

पुलावर रांग होती. आपल्या बाजूच्या शिपायाने पासपोर्ट पाहिले, "कुठे?" विचारलं, "मर्तिकाला," म्हटल्यावर शिक्का मारला. गाडी पुलावर आली. प्रोफिराने खिडकीतून खाली पाहिलं. पाणी मातकट होतं. तिने मनात म्हटलं, आई, बघ, नदी. मग वाटलं, कशाला उगीच.

पलीकडच्या बाजूला कस्टमची एक बाई होती. पस्तिशीची असेल, केस मागे ओढून बांधलेले, चेहऱ्यावर रात्रपाळी.

"मांस, दूध, चीज काही आहे? आत नेता येत नाही."

"नाही," प्रोफिरा म्हणाली. पान्तेलेईने तिला दहादा बजावून ठेवलं होतं, काहीही विचारलं तरी नाही म्हण.

बाई वाकली. तिने खिडकीतून आत एक श्वास घेतला. गाडीभर शेपू आणि भाजलेल्या चीजचा वास दरवळत होता.

"आजी, हे काय मग?"

"हे चीज नाही. प्लाचिंता आहेत."

"चीजच्याच ना?"

"चीज आत आहे. चीज म्हणजे चीज असतं, गोळा. ह्या पोळ्या आहेत!"

पान्तेलेईने डोळे मिटून घेतले. नेहमी सरहद्द ओलांडणारा माणूस तो, पण पोळीतलं चीज हे चीजच असतं हे त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. घरच्या प्लाचिंतांना इकडे कुणी चीज म्हणत नाही.

"बॅग उघडा," बाई म्हणाली.

"मर्तिकाचं जेवण आहे, मॅडम," पान्तेलेई घाईघाईने म्हणाला, "तुम्ही त्या पोळ्या काढून घ्या, हव्या तेवढ्या..."

"तुम्ही गाडीतच बसा. बॅग मी बघते."

तिने मागचं दार उघडलं. पोळ्यांचं गाठोडं काढून गाडीच्या टपावर ठेवलं. पाव काढले, दाबून पाहिले. टॉवेल उचलला. मग तिचा हात थांबला. विणलेल्या पांढऱ्या पिशवीवर तांबडे डाग होते, आणि दोरी प्रवासात सैल झाली होती.

"हे काय आहे?"

मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. पुढच्या सीटवरून पान्तेलेई हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, सांगू नकोस." पण समोरासमोर खोटं प्रोफिराला आयुष्यात एकदाच बोलता आलं होतं, मघाशी चीजबद्दल, आणि त्याचं काय झालं ते समोर होतं.

"माझी आई," ती म्हणाली.

बाईने हात मागे घेतला नाही. तो तसाच पिशवीवर राहिला.

"हिचे कागद?"

"हिने मागितले होते. तीनदा. सोव्हिएत सरकार होतं तेव्हा. दिले नाहीत. माझी थोरली बहीण इकडे राहिली, सहा वर्षांची होती. आज तिला पुरायचं आहे. प्लोपीत. मी म्हटलं, आता तरी..." तिने बॅगेकडे हात केला. "मला माहीत आहे असं चालत नाही. मला अडवा, पण तिला जाऊ द्या. ती कुणाला काय करणार आहे?"

पलीकडच्या रांगेतून एक वयस्क अधिकारी हाक मारून म्हणाला, "तिकडे काय अडलंय?"

ती पिशवीकडे बघत होती. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "वाइनने धुतलंय?"

"हो. लाल. घरची."

"प्रार्थना झाली?"

"झाली. काल."

बाई सरळ झाली आणि अधिकाऱ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "चीज आहे, साहेब. पोळ्यांत."

"मग काढून टाक आणि सोड त्यांना! रांग बघ केवढी झालीये."

तिने टपावरचं गाठोडं उचललं आणि शेजारच्या निळ्या पिंपात टाकलं. गरम पोळ्या तळाशी धपकन पडल्याचा आवाज आला. प्रोफिरा दुखावली. इतकं सगळं होऊनही तिला ते सोसलं नाही.

"अगं फेकतेस काय? खा तरी! मर्तिकाचं अन्न आहे, फेकलं तर पाप लागतं."

"खाता येत नाही, आजी." बाईचा चेहरा लाल झाला होता. "नियम आहे." तिने टॉवेल पुन्हा नीट घातला, पाव ठेवले, चेन ओढली. मग दार लावता लावता थांबली, चेन थोडी उघडली आणि म्हणाली, "दोरी सुटलीये. गाठ मारा."

प्रोफिराने मागे वळून हात लांब करून गाठ मारली. ती नीट बसेना. शेवटी त्या बाईनेच ती घट्ट केली.

*

प्लोपीत माणसं अंगणात उभी होती. झेनोविया खोलीच्या मधोमध उघड्या पेटीत होती, हातात मेणबत्ती, डोक्याला काळा रुमाल. म्हातारपणी ती हुबेहूब आईसारखी दिसू लागली होती. हे प्रोफिराच्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

आउरिकाने बॅगेतलं पाहिलं आणि भिंतीला टेकली.

"मावशी! तू आजीला... नाक्यावरून?"

"तुझ्या आईने न येण्याची शपथ घेतली होती. आजीने नव्हती घेतली."

आउरिका ओठ दाबून रडायला लागली. इथल्या फादरांना तिनेच बाजूला नेऊन सांगितलं. ते तरुण होते. त्यांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग कुठल्या नियमात बसतं हे मनाशी पाहिलं असावं, आणि शेवटी म्हणाले की जुनी हाडं नव्या पेटीत पायाशी ठेवायची रीत आहेच. ती कुठून आणली हे रीत विचारत नाही.

"पायाशी नको," प्रोफिरा म्हणाली. "कुशीत ठेवा."

"कुणाच्या कुशीत कुणाला, मावशी?" आउरिकाने विचारलं.

शेवटी ती पिशवी झेनोवियाच्या डाव्या हाताशी ठेवली गेली, कोपराच्या बाकात, आणि वरून चादर घेतली.

टेकडीवर खड्डा तयार होता. तिथून नदी दिसत होती, पलीकडे साल्चियाचं चर्च, आणि चर्चमागे कबरस्तान. शेवटचा निरोप घ्यायच्या वेळी सगळे प्रोफिराकडे बघू लागले. बोचेत तिनेच गायचं होतं. दोन्ही काठांवर तिच्याएवढं जुनं कुणी उरलं नव्हतं.

ती पेटीशी वाकली. बोचेताचे शब्द ठरलेले नसतात, पण एक गोष्ट सगळ्याच बायका म्हणतात. जाणाऱ्याच्या हाती आधी गेलेल्यांसाठी निरोप देतात. प्रोफिराने आवाज लावला. म्हातारा, फाटलेला, पण जुन्या उंचीवर गेलेला. "झेनोविया, बाई माझी, वाटेने जाशील, आईला भेटशील, आईला सांग..."

आणि ती थांबली.

लोकांना वाटलं तिचा श्वास संपला. पान्तेलेई पुढे सरकला, पण आउरिकाने त्याला हाताने थोपवलं. प्रोफिरा पेटीत बघत होती. सांगायचं ते कुणाबरोबर पाठवायचं, हेच तिला कळेना. निरोप नेणारी आणि निरोप घेणारी, दोघी एकाच चादरीखाली होत्या. आयुष्यभर ज्या गाण्याने पाणी ओलांडलं त्या गाण्याला आता ओलांडायला काही नव्हतं.

तिने चादरीवर हात ठेवला. मग गाणं सोडून, अंगणात आलेल्या माणसाची ओळख करून द्यावी तशा साध्या आवाजात ती बोलली.

"आई, ही झेनोविया. तुझी थोरली. तू सहा वर्षांची पाठवली होतीस तिला. आता म्हातारी झालीये. घाबरू नकोस, तीच आहे. झेनोविया, ही आई."

मग पान्तेलेईने टोपी काढून काखेत धरली, आणि प्लोपीच्या माणसांना हळूच विचारलं की झाकण ठोकायला हातोडी कुणाकडे आहे.